सिंदी मेघेतले अठरा दिवस

लिबियाला जायचं माझं ठरलं तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि वर्ध्याच्या एका दवाखान्यात नर्स होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मुंबईच्या एका एजंटामार्फत तिकडच्या सरकारी दवाखान्यात दोन वर्षांची नोकरी मिळाली होती. सिंदी रेल्वे या गावातल्या आमच्या वस्तीतलं कोणी तोवर विमानात बसलेलं नव्हतं. ही गोष्ट लोकांनी सांगायच्या आधी मीच चार ठिकाणी सांगून यायची.

घरी माय एकटीच असायची. बाबा मी शाळेत असतानाच गेले. माय जिनात, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, मजुरी करायची. मोठ्या बहिणीने सातवीतून शाळा सोडली आणि तीही मायसोबत जिनात जाऊ लागली, म्हणून मी मॅट्रिक झाले आणि पुढे नर्सिंगला गेले. ताई लग्न होऊन वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत राहायला गेली होती. भाऊजी एका सरकारी कचेरीत कारकून होते. एजंटाची पत्रं त्यांच्याच पत्त्यावर येत, कारण आमच्या वस्तीकडे पोस्टमन दोन-दोन दिवस फिरकत नसे.

राजीनामा देऊन, क्वार्टर सोडून मी शेवटचे दहा दिवस सिंदी रेल्वेला घरी आले. मे महिना होता. देवीची आणि कॉलऱ्याची टोचणी झालेली होती. टोचणीची पिवळी पुस्तिका मी पासपोर्टात घालून उशाखाली ठेवायची. दंड सुजला होता, अंगात कसर होती, आणि त्या निमित्ताने मी खाटेवर पडून हुकूम सोडत होते. शिंप्याने तीन पांढरे गणवेश शिवले, त्यातल्या एकाची बाही आखूड झाली. त्या म्हाताऱ्याला मी त्याच्या नातवंडांसमोर बोलले. माय माझ्या मागे उभी होती. परत येताना एवढंच म्हणाली, "त्याले डोयानं कमी दिसते व."

सुटकेसवर नाव घालायचं होतं. मायने मला न विचारता जिनातल्या पेंटरला घरी आणलं. रुईच्या गाठींवर नंबर आणि मार्का टाकायचं त्याचं काम. त्याने मोठ्या प्रेमाने सुटकेसच्या दोन्ही बाजूंना माझं नाव इंग्रजीत काढलं, गाठीवर काढतात तेवढ्याच वीतभर अक्षरांत. मायला वाचता येत नव्हतं, तरी ती लांबून, जवळून बघत राहिली. त्याला तिने चहा पाजला, गूळ दिला. तो गेल्यावर मी रॉकेलचा बोळा घेऊन अक्षरं पुसायला बसले. रंग निघाला नाही, नुसता पसरला. सुटकेस आणखीच वाईट दिसू लागली. मुंबईत माझ्यासोबत केरळच्या, पुण्याच्या नर्सा असणार होत्या. त्या हसतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माय चुलीपाशी बसून होती. 

तिने दोन दिवस खपून जवसाची चटणी केली होती आणि डबाभर तिखट कांडून आणलं होतं. मी म्हणाले, "विमानात तेलाचं, तिखटाचं काही नेऊ देत नाहीत." मला याबद्दल काहीच माहीत नव्हतं. कपड्यांना वास लागेल याची मला भीती होती. "नाई नेऊ देत तं राहू दे," माय म्हणाली, आणि डबा फळीवर ठेवून दिला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी वस्तीतल्या विहारात माझा सत्कार झाला. वंदना झाली, मला शाल दिली, दोघांची भाषणं झाली. मग कोणीतरी मायला बोलायला उभं केलं. जन्मात कधी ती चार लोकांसमोर बोलली नव्हती. ती म्हणाली, "माही पोरगी जाऊन राह्यली. तिले सगळ्याईनं सांभाळजा." लोक हसले, कारण सांभाळणार कोण आणि कसं, ते इकडे, मी लिबियात. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण मी मान खाली घातली आणि ती माझ्या शेजारी येऊन बसली तेव्हा तिच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वस्ती स्टेशनावर आली. दुपारपर्यंत वर्ध्याला ताईकडे पोचून संध्याकाळी मुंबईची मेल धरायची होती. जिनाच्या मालकांची सूनही रेल्वे फाटकापासून चालत आली होती. ती नागपूरला शिकलेली, नीटनेटकं बोलणारी. ज्या जिनात माय आणि ताई कापूस वाहत, त्या घरची सून माझा निरोप घ्यायला आली याचंच मला कोण अप्रूप. गाडी येईपर्यंत आणि आल्यावरही मी तिच्याशीच बोलत राहिले. गाडी हलली तेव्हा माय खिडकीचे गज धरून दोन पावलं चालली असं मला नंतर भाऊजींकडून कळलं. ते मला न्यायला आले होते आणि सामान घेऊन माझ्यामागे बसले होते. मी तेव्हा हार काढून बाकावर ठेवत होते.

ताईच्या घरी पोचलो तर टेबलावर तार पडलेली. सकाळीच आली होती; इंग्रजीतली म्हणून ताईने ती तशीच ठेवली होती. भाऊजींनी वाचली, पुन्हा वाचली.

"काय हाय?" ताईने विचारलं.

"जाणं पुढे ढकललं," ते म्हणाले. "व्हिसाचं काही अडलं आहे. कळवेपर्यंत मुंबईला येऊ नका म्हणतात."

मी तार हातात घेतली. किती दिवस ते लिहिलेलं नव्हतं. मी खुर्चीवर बसले. गळ्यात एक हार राहून गेला होता, तो काढायचं भान नव्हतं.

ताई म्हणाली, "मंग एवढं तोंड कायले पाडतं? उद्या घरी जाऊ. तार आली का तठूनच जाजो."

"मी घरी जात नाई."

"काऊन?"

"काल शाल घेतली, आज वापस जाऊ? लोकं काय म्हनतीन?"

"म्हनतीन का पोरगी वापस आली. दुसरं काय म्हनतीन?"

"ते हासतीन. जिनातल्या बाया मायले रोज इचारतीन."

भाऊजींनीही समजावून पाहिलं. निदान मामींना निरोप देऊ, असं ते म्हणाले. सासूबाईंना ते मामी म्हणत. पण मायला कळलं की ती पुढच्याच गाडीने मला न्यायला येणार आणि वस्तीला कळणार हे मला ठाऊक होतं. मी रडले, हट्ट धरला. शेवटी ताईचा हात धरून म्हणाले, "तुले माह्या गळ्याची शपथ हाय. मायले सांगशीन नोको."

ताई म्हणाली, "बरं."

त्या घरात मी अठरा दिवस लपून राहिले. दोनच खोल्या होत्या, पुढची बैठकीची आणि मागचं सैपाकघर. सैपाकघरातूनच मोरीकडे आणि मागच्या दारी जायचा रस्ता. शेजारणी मला ओळखत होत्या, म्हणून मी दिवसा अंगणातही पाऊल टाकत नव्हते. ताईच्या घरी बायका आल्या की मी आत जायची. गणवेशाच्या घड्या सुटकेसमधून काढायची आणि पुन्हा घालायची. ताईला तेव्हा तिसरा महिना लागला होता. लग्नानंतर सात वर्षांनी. तिला अन्नाचा वास सहन होत नव्हता आणि ती माझा सैपाक करत होती. ही बातमी मायला स्वतःच्या तोंडाने सांगायची म्हणून तिने निरोपही धाडला नव्हता. सत्काराच्या चार दिवस आधी ती सिंदीला येऊन गेली तेव्हा सांगणार होती, पण घरात माझ्याशिवाय दुसरा विषयच नव्हता.

नवव्या दिवशी रविवार होता. भाऊजी घरी होते. आम्ही जेवायला बसणार, तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "हाये का व घरी?"

मायचा आवाज. मी उठले आणि सैपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं. आतून कडी नव्हती, म्हणून दाराला पाठ लावून खाली बसले. हे सगळं मी विचार करून केलं नव्हतं. पण नंतर विचार करायला मला तासभर मिळाला, आणि त्या तासाबद्दलच मला सांगायचं आहे.

मायने आजवर एकटीने गाडीचा प्रवास केला नव्हता. "कशी आली माय तू?" ताईने विचारलं तेव्हा तिचा आवाज चिरका झाला होता.

"पाशिंजरनं आली. वस्तीतल्या मास्तरच्या बायकोनं तिकीट काढून देलं. आता जिन बंद हाय, म्हटलं दोन दिवस राहून येतो पोरीजवळ. अन् बापूकडून एक चिठ्ठी लिहून घ्याची हाय." भाऊजींना ती बापू म्हणायची. "पोचली असन ना ते आता?"

 मग ताई म्हणाली, "हो. पोचली असन."

त्या क्षणापर्यंत मी बाहेर जाऊ शकत होते. दार उघडून 'माय, मी इथीच हाय' म्हणायचं, संपलं असतं. पण ताई माझ्यासाठी खोटं बोलून बसली, आणि आता मी बाहेर आले असते तर ती खोटी पडली असती. असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. माय वस्तीतल्या कोणाकोणाचे निरोप घेऊन आली असेल, ती मला घेऊन परत जाईल, स्टेशनावर तीच माणसं भेटतील, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि मी गुडघे पोटाशी घेतले.

ताई पाणी न्यायला आली तशी मी दारापासून भिंतीकडे सरकले. दाराआड मला बघून तिने डोळ्यांनीच खुणावलं, चल. मी हात जोडले आणि मान हलवली. तिने माठातून तांब्या भरला.  ती गेली.

माय पाणी प्यायली. मग भाऊजी कागद घेऊन बसले आणि ती सांगू लागली. भिंतीला टेकून मी माझंच पत्र ऐकत होते.

"लिव्हा, मी बरी हाय. जिन बंद झाला. तू गेल्यापासून लोकं घरी येतात, इचारतात. मी सांगतो का पोचली. इमानात भेव वाटलं काय ते लिव्हजो. तिथी जेवन कसं भेटते? तिखट घेऊन नाई गेली, तं तोंडाले चव नसन." ती थांबली. भाऊजींच्या लेखणीचा आवाज मला ऐकू येत होता. "आनखी लिव्हा. टेशनावर तू मालकीनबाईसंग बोलत राह्यली, माह्याकडे पाह्यलं नाई. त्याचं मले काही वाटलं नाई. गर्दी होती. पन मी तुयाकडे पाहून घेतलं. अन् पेटीवरचं नाव मोठं झालं म्हनून तू रागावली, तं त्याची चुकी नाई, मीच म्हटलं होतं त्याले का मोठं काढ, लांबून दिसलं पाह्यजे. हरवली तं सापडन."

मी तोंडात पदर कोंबला. तेवढं मला करता आलं.

पत्र झालं. मग माय म्हणाली, "लय ऊन हाय व आज. आतमंदी जराशी पडतो. तठी थंडं असते."

"आत नोको," ताई म्हणाली. "पोतेरं केलं. ओलं हाय."

"मंग इथीच पडतो."

"माय, आमाले बाहीर जा लागते. याईच्या साहेबाकडे बोलावलं हाय. मले माहीत असतं तू येऊन राह्यली, तं…"

 दुपारचा एक वाजत आला होता. भाकरी, वरण, सगळं माझ्या शेजारी चुलीपाशी झाकलेलं होतं. ताई ताट वाढून पुढच्या खोलीत नेऊ शकली असती, पण हात धुवायला माय मोरीकडे आली असती. ताईला त्या घाईत फक्त चहा सुचला असणार. "चहा ठेवू का?" तिने विचारलं.

"नाई. चहा नोको," माय म्हणाली. "येतो मी मंग. बापू, चिठ्ठी टाकजा."

"मामी, मी स्टेशनवर सोडतो तुम्हाला," भाऊजी म्हणाले.

"तुमाले साहेबाकडे जाच हाय ना? जातो मी. आली तशी जातो."

भाऊजी तरीही तिच्यामागे गेले. ताई आत आली आणि चुलीपाशी बसली. मला वाटलं ती मला बोलेल. पण तिने आपल्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "मी तिले सांगतलंच नाई." मग ती रडली. मी तिच्या शेजारी बसून राहिले. झाकलेल्या भांड्यांपैकी कोणतंही त्या दिवशी आम्ही उघडलं नाही.

त्यानंतर नऊ दिवसांनी तार आली आणि मी निघाले. स्टेशनावर कोणी सिंदीचं भेटू नये म्हणून डोक्यावरून पदर घेऊन फलाटाच्या टोकाला उभी राहिले. भाऊजींनी सामान चढवलं.

लिबियात मला काही कमी नव्हतं. काम भरपूर होतं, सोबतच्या मुली चांगल्या होत्या, आणि सुटकेसवरच्या नावाकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. दीड महिन्याने मायचं ते पत्र मिळालं. भाऊजींच्या वळणदार अक्षरात, शुद्ध मराठीत: आम्ही सर्व येथे कुशल आहोत, तू प्रकृतीस जपावे. स्टेशनचं आणि पेटीचं त्यांनी गाळलं होतं. मला वाईट वाटेल म्हणून गाळलं असणार. मी ते ऐकलं आहे हे त्यांना माहीत होतं, तरी गाळलं.

मी दर पंधरा दिवसांनी दोन पत्रं लिहायची. एक मायला, ते वस्तीतले मास्तर वाचून दाखवत, एक ताईला. ताईला मुलगी झाल्याचं भाऊजींनी कळवलं. बाळंतपणाला माय गेली असेल असं मी गृहीत धरलं. विचारलं नाही.

दोन वर्षांनी परतले तेव्हा आधी ताईकडे उतरले. पोरगी दीड वर्षाची झाली होती. ताई नेहमीसारखी हसली, जेवू घातलं. सैपाकघरात मी एकदाच गेले. मायचा विषय काढला की ताई म्हणायची, "बरी हाय." आणि दुसरं काही बोलायची.

सिंदीला गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी माय ज्वारी पाखडत होती. मी विचारलं, "ताईच्या पोरीले शेवटी कधी पाह्यलं तू?"

"नाई पाह्यलं."

"बाळंतपनाले?"

"तिची सासू होती." सूप थांबलं नाही. जरा वेळाने ती आपणच म्हणाली, "तिच्या घरी माह्यासाठी जागा नाई. मी गेलती एकडाव. तू गेली त्याच्यानंतर. भर उन्हाची. दोन दिवस राहाची म्हनून लुगडं घेऊन गेलती पिशवीत. तिनं बस नाई म्हटलं का जेव नाई म्हटलं. उभ्या उभ्या वापस पाठवलं. नवरा चांगला हाय तिचा, त्याचं काही नाई. पन पोटची पोरगी असं करते तं मंग कायले जाव?" मग म्हणाली, "हे तुले सांगून राह्यली मी. कोनाले सांगतलं नाई."

मी सांगितलं. सगळं एका दमात सांगता आलं नाही. तारेपासून सुरुवात केली, मग थांबले, मग पुन्हा.

तिने सूप खाली ठेवलं. "म्हंजे तू तठी होती."

"हो."

"कुठी?"

"दाराच्या मांगं."

"मी जे बोलली ते आयकलं तू?"

"सगळं आयकलं."

ती माझ्याकडे बघत होती. राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती मला नव्यानेच पाहिल्यासारखी बघत होती. "लोकाईच्या भेवानं?" तिने विचारलं.

मी होकाराची मान हलवली.

"चार दिवस हासले असते लोकं. मंग आपआपल्या कामाले लागले असते." तिने सुपातली ज्वारी गोळा करून डब्यात ओतली, हात झटकले. "अन् तुया बहिनीनं माहेराबिगर पोर काढलं. मी इथून दुपट्याले जुन्या लुगड्याचं धडपंही नाई पाठवलं तिले."

ती उठली, दुसरं लुगडं पिशवीत घातलं आणि दुपारची पॅसेंजर किती वाजता आहे ते विचारलं. मी म्हणाले मीही येते. "नाई," ती म्हणाली. "तू नोको येऊ. मी जातो."

माय तिकडे बारा दिवस राहिली. ते बारा दिवस मी सिंदीच्या घरात एकटी होते. वस्तीतल्या बायका, मास्तर, जिनाच्या मालकांची सून, सगळे लिबियाच्या गोष्टी ऐकायला येत. मी विमानाचं सांगायची, वाळूच्या वादळाचं सांगायची. माय कुठे गेली म्हणून ते विचारत, तेव्हा ताईकडे एवढंच सांगायची. त्या दोघींचं तिथे काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही. दोघींपैकी कोणी सांगितलं नाही आणि विचारायचा मला हक्क नव्हता.

तेराव्या दिवशी ताई मुलीला घेऊन मायसोबत आली. दुपारी आम्ही दोघीच ओसरीवर होतो तेव्हा मी तिला म्हणाले, "तू एका शब्दानं सांगतलं असतं मायले. मी तं तिकडे होती, मले काय झालं असतं?"

"शपथ होती ना तुई," ती म्हणाली. मग म्हणाली, "अन् मले वाटे तूच लिव्हशीन. मायले तुई चिठ्ठी आली असं कळलं का मी चार दिवस वाट पाहो. म्हनो, आता येईन माय."

ती हे रागाने बोलली नाही. दोन वर्षांत मी मायला पन्नासच्या आसपास पत्रं लिहिली होती. त्यांतल्या प्रत्येकात हवापाण्याचं होतं, पगाराचं होतं, तब्येतीला जप म्हणून होतं.

ताईने मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि ती आत गेली. पोरगी माझ्याकडे बघून ओठ काढू लागली, मग मोठ्याने रडली. मी तिला उगी करत होते, पण ती ऐकेना. माय बाहेर आली, तिला माझ्या मांडीवरून उचललं आणि खांद्यावर थोपटत अंगणात घेऊन गेली.